न्यूरल क्रेस्टचं कौतुक पुरे, जरा प्लॅकोडांकडेही बघा!

पेशीपुराण

भ्रूणविकासावरचं काहीही वाचायला घ्या, न्यूरल क्रेस्ट पेशींचे गोडवे गायलेले असतात. जन्मल्या जागेवरून उठतात काय, अंगभर हिंडतात काय, आणि जबड्याच्या हाडापासून कातडीच्या रंगापर्यंत काय काय होऊन बसतात! कौतुक रास्तच आहे. पण त्यातून असा समज होतो की डोकं आणि परिघीय चेतासंस्था (मेंदू आणि मज्जारज्जू वगळता उरलेलं चेतांचं जाळं) या एकट्या गटाने उभी केली. ते खरं नाही. शेजारीच दुसरा एक गट असतो, क्रेनियल प्लॅकोड. त्याच्याविना ऐकू येणार नाही, वास येणार नाही, चव कळणार नाही. तरी पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धं पान येतं. म्हणून हा धागा.

गर्भ तीनेक आठवड्यांचा असताना पाठीच्या बाजूला बाह्यस्तराचा (गर्भाच्या तीन मूळ थरांपैकी, म्हणजे जननस्तरांपैकी, सगळ्यात बाहेरचा) एक पट्टा जाड होतो. हा न्यूरल प्लेट. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्यावर भिडतात आणि नळी तयार होते. मेंदू आणि मज्जारज्जू या नळीतून होतात. माणसात ती २८व्या दिवसाच्या आसपास पूर्ण मिटते. नळी होणारा भाग आणि त्वचा होणारा भाग यांच्यामध्ये जी चिंचोळी सीमापट्टी असते, तिथे आपले दोन्ही गट जन्म घेतात. कोण काय होणार हे बीएमपी, डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ या संदेशप्रथिनांच्या कमीजास्त मात्रेवर ठरतं. डब्ल्यूएनटीचा जोर असेल तिथे क्रेस्ट. डोक्याच्या भागात, थोडं बाहेरच्या अंगाला, जिथे डब्ल्यूएनटी आणि बीएमपी दोन्ही दाबले जातात तिथे प्लॅकोड. मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला तर क्रेस्ट तयारच होत नाही, तिथे फक्त प्लॅकोडांचं राज्य.

प्लॅकोडांची सुरुवात घोड्याच्या नालेसारख्या एका अखंड पट्ट्यातून होते. सिक्स१ आणि आया१ ही जनुकं त्या पट्ट्यात चालू असतात. पुढे पट्टा तुटून त्याची वेगवेगळी जाड ठिगळं होतात. सगळ्यात पुढचं ठिगळ पिट्यूटरी ग्रंथीचा पुढचा भाग बनतं. मग नाकाचं, डोळ्यातल्या भिंगाचं, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेचं, कानाचं, आणि गर्भाच्या घशाशेजारच्या ग्रसनी कमानींच्या वरच्या अंगाला असणारी तीन एपिब्रँकियल ठिगळं. माशांत आणि पाण्यात राहणाऱ्या उभयचरांत यांच्या जोडीला पार्श्वरेषेचे प्लॅकोड असतात. पाण्याची हालचाल अंगाला जाणवते ती त्यांच्यामुळे.

आता कानाचंच बघा. आंतरकर्णाचा सगळा गुंतागुंतीचा पोकळ भाग, त्यातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि तिथून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी हे सगळं एका कर्ण-प्लॅकोडातून येतं. मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं मात्र मुख्यतः क्रेस्टची. हातोडी आणि ऐरण पहिल्या ग्रसनी कमानीतून, रिकीब दुसऱ्या कमानीतून. डोळ्यातही अशीच वाटणी दिसते. भिंग प्लॅकोडचं, दृष्टिपटल थेट मेंदूच्या नळीचं, आणि पारपटलाचा मधला जाड थर व त्याच्या आतलं अस्तर क्रेस्टचं.

गँगलियनांत (चेतापेशींचे पुंजके) ही वाटणी फारच नेमकी आहे. कवटीतून निघणाऱ्या नवव्या आणि दहाव्या चेतांवर प्रत्येकी दोन संवेदी गँगलियनं असतात. मेंदूजवळच्या गँगलियनातल्या चेतापेशी क्रेस्टच्या, लांबच्यातल्या प्लॅकोडच्या. सातव्या चेतेचं जेनिक्युलेट गँगलियन प्लॅकोडचं, पाचव्या चेतेचं ट्रायजेमिनल दोघांचं मिश्र. चेतापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी मात्र सगळीकडे क्रेस्टच्याच. जिभेची चव मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या, रक्तदाब वाढला की कळवणाऱ्या, फुप्फुस आणि आतड्याची खबर देणाऱ्या चेतापेशी एपिब्रँकियल प्लॅकोडांच्या आहेत.

थोडक्यात धडाची परिघीय चेतासंस्था म्हणाल तर ती क्रेस्टची. मणक्याशेजारची संवेदी गँगलियनं, अनुकंपी साखळी (आणीबाणीत शरीराला सज्ज करणाऱ्या चेतांची), आतड्यातल्या चेतापेशी, श्वान पेशी (चेतातंतूंना वेढणाऱ्या ग्लिया), सगळं. पण डोक्यात पाऊल टाकलं की एकट्या क्रेस्टच्या हिशेबाने काही सुटत नाही. माझं म्हणणं एवढंच.

शंकासूर

धागा आवडला, पण सुरुवातीलाच अडलो. एका जागी घट्ट बसलेल्या पेशी अचानक उठून चालायला कशा लागतात? आणि कुठे जायचं ते त्यांना कोण सांगतं? नकाशा आत असतो की रस्त्यावर पाट्या असतात?

पेशीपुराण

@शंकासूर, दोन्ही असतं, पण पाट्या जास्त.

उठण्याचं आधी. नळीतल्या पेशी कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. क्रेस्टमध्ये स्नेल२सारखी जनुकं चालू झाली की चिकटवणाऱ्या कॅडहेरिनचे प्रकार बदलतात, पेशीचं वर-खाली असं ठरलेलं रूप मोडतं आणि ती सुटी होते. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून सुटतात तेव्हा यातली बरीच यंत्रणा पुन्हा वापरली जाते. त्यामुळे कर्करोगाचे अभ्यासकही क्रेस्टवर नजर ठेवून असतात.

आता पाट्या. धडात नळीच्या दोन्ही बाजूंना सोमाइट नावाचे मध्यस्तराचे ठोकळे ओळीने असतात. क्रेस्ट पेशी प्रत्येक सोमाइटच्या पुढच्या अर्ध्या भागातूनच जातात, मागच्या अर्ध्यात शिरत नाहीत. कारण मागच्या अर्ध्यात एफ्रिन आणि सेमाफोरिन ही त्यांना परतवणारी प्रथिनं असतात. कोंबडीच्या भ्रूणात कीन्स आणि स्टर्न यांनी १९८४ मध्ये सोमाइटचे तुकडे उलटे फिरवून पाहिले, तेव्हा चेतांच्या वाटाही तशाच फिरल्या. आपल्या पाठीच्या कण्यातून चेता ठरावीक अंतराने जोडीजोडीने निघतात, त्याचं मूळ या अर्ध्या-अर्ध्या सोमाइटांत आहे. मज्जारज्जूच्या अंगी मुळात असे खंड नसतात.

आणि हे खास या धाग्यासाठी. बेडकाच्या भ्रूणात २०१३ मध्ये असं दिसलं की क्रेस्ट पेशी प्लॅकोड पेशींचा पाठलाग करतात. प्लॅकोड पेशी एसडीएफ१ हे रसायन सोडतात आणि क्रेस्टचा घोळका त्या दिशेने सरकतो. घोळका येऊन टेकला की प्लॅकोड पेशी त्याच्यापासून दूर पळतात. घोळका पुन्हा मागे. अशा पकडापकडीतून दोन्ही गट आपापल्या जागी पोचतात. एक गट काढून टाकला तर दुसऱ्याची मांडणी विस्कटते.

कोंबडीतलं उलट बाजूचं उदाहरणही आहे. मेंदूच्या मागच्या भागातलं क्रेस्ट काढलं तरी एपिब्रँकियल प्लॅकोडांत चेतापेशी तयार होतात, पण त्यांना आत मेंदूकडे नेणारी वाट सापडत नाही. त्या बाहेरच अडकतात. बेग्बी आणि ग्रॅहम यांचं हे काम २००१ सालचं.

मधली_ओळ

उत्तम. एक तक्रार मात्र आहे. क्रेस्टला आता बरेच जण सरळ 'चौथा जननस्तर' म्हणतात. ब्रायन हॉल यांनी हे हिरिरीने मांडलं. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. बाह्यस्तर, मध्यस्तर, अंतःस्तर आणि क्रेस्ट, अशी मांडणी केली तर पृष्ठवंशीयांचं वेगळेपण एका फटक्यात कळतं.

पेशीपुराण

उल्लेख मुद्दाम टाळला. तो निकष लावायचा तर प्लॅकोडांना पाचवा स्तर म्हणावं लागेल, आणि मग थांबायचं कुठे? जननस्तर ही हिशेबासाठी माणसाने आखलेली सोय आहे, पेशींना तिचं काही देणंघेणं नाही.

या स्तरांच्या हट्टापायी एका बाईंचं काय झालं ते ऐका. ज्युलिया प्लॅट. १८९३ मध्ये त्यांनी मडपपी नावाच्या सॅलमँडरच्या भ्रूणांचे काप तपासून लिहिलं की डोक्यातली कूर्चा आणि दातातलं डेंटिन बाह्यस्तरातून येतं. त्या काळी कूर्चा आणि हाड मध्यस्तरातूनच येणार हा दगडावरचा नियम होता. मोठमोठी मंडळी तुटून पडली. हार्वर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नसे. प्लॅट यांनी १८९८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून डॉक्टरेट मिळवली, तरी संशोधनाची नोकरी लागली नाही ती नाहीच. शेवटी कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या गावात स्थायिक झाल्या आणि १९३१ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तिथल्या महापौर झाल्या. किनाऱ्यावरच्या सागरी जीवांना संरक्षण मिळवून दिलं. सॅलमँडरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मान्य व्हायला काही दशकं गेली.

मधली_ओळ

प्लॅटबाईंची गोष्ट माझ्याच बाजूने साक्ष देते, असं नाही वाटत? बाह्यस्तरातून हाड येतं म्हटलं तर स्तरांची व्याख्याच ढासळते. चौथा स्तर मानला की ती वाचते.

पेशीपुराण

व्याख्या वाचवण्यासाठी स्तर वाढवायचे, तर मग व्याख्येचा उपयोग काय उरला? असो, यावर आपलं जुळणार नाही.

कात्री_आणि_टाका

लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे क्रेस्टशी रोजचा संबंध आहे. थोडी भर घालतो.

जन्मल्यावर ४८ तासांत बाळाने शी केली नाही, पोट फुगलं, हिरवट उलट्या सुरू झाल्या, की मनात हर्शस्प्रुंग रोगाचा विचार येतो. दर ५,००० जन्मांमागे सुमारे एक बाळ, आणि मुलांत मुलींच्या चौपट. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये याचं वर्णन केलं, पण कारण कळायला खूप काळ जावा लागला. आतड्यातल्या बहुतेक चेतापेशी मानेजवळच्या, व्हेगल पट्ट्यातल्या क्रेस्टमधून येतात. अन्ननलिकेकडून आत शिरायचं आणि पुढे सरकत सरकत गुदद्वारापर्यंत पोचायचं, एवढा लांबचा पल्ला. माणसात हे काम चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान चालतं, आणि त्याच वेळी आतडंही लांब होत असतं. म्हणजे गाठायचं टोक दूर पळत असतं. पेशी कमी पडल्या किंवा मंदावल्या, की शेवटचा तुकडा चेतापेशींविना राहतो. म्हणूनच रोग नेहमी खालच्या टोकापासून सुरू होतो आणि वर कुठपर्यंत जातो ते बाळागणिक बदलतं.

नव्या डॉक्टरांना मी आवर्जून दाखवतो ते हे. पोट उघडल्यावर आतड्याचा जो भाग फुगून टम्म झालेला दिसतो तो निरोगी असतो. त्याच्या खालचा, अगदी साधा दिसणारा अरुंद भाग रोगट. त्याला सैल पडताच येत नाही. शस्त्रक्रियेत तो काढून निरोगी टोक खाली आणून जोडतो. कुठे कापायचं ते शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाठवून ठरवतात. चेतापेशी दिसल्या तरच तिथे जोड.

रेट या जनुकातले दोष यामागे सगळ्यांत जास्त वेळा सापडतात. आतड्याच्या भिंतीतून जीडीएनएफ हे प्रथिन स्रवतं, रेट हा क्रेस्ट पेशीवरचा त्याचा ग्राहक, म्हणजे तो संदेश पकडणारं प्रथिन. गंमत अशी की याच रेटमध्ये उलट्या प्रकारचा, म्हणजे कामाचा अतिरेक करणारा बदल झाला, तर थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग होतो.

न्यूरोब्लास्टोमाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून तेही. मुलांमध्ये मेंदूबाहेरच्या घन गाठींत हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. अनुकंपी साखळी किंवा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा गाभा होऊ घातलेल्या क्रेस्टच्या वंशजांत तो सुरू होतो. त्याची ओळखही त्याच्या कुळावरून पटते. या पेशी ॲड्रिनलीनच्या कुळातली रसायनं बनवतात, त्यांचे अवशेष लघवीत सापडतात. नॉरॲड्रिनलीनसारखं दिसणारं एमआयबीजी हे किरणोत्सारी द्रव्य दिलं तर गाठ ते शोषून घेते आणि स्कॅनमध्ये उजळते. एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर रोग फार आक्रमक. उलट वर्षाखालच्या काही बाळांत यकृतापर्यंत पसरलेला रोगही आपोआप विरून जातो. असं दुसऱ्या कर्करोगांत क्वचितच पाहायला मिळतं.

दवबिंदू

डॉक्टर, धन्यवाद! फुगलेला भाग निरोगी, हे वाचून थक्क.

माझा प्रश्न वेगळा आहे. जन्मतः कपाळावर पांढरी बट, डोळे निळे आणि ऐकू येत नाही, असं एकाच माणसात असतं असं वाचलं होतं. रंगाचा आणि कानाचा काय संबंध? वर तर लिहिलंय की आंतरकर्ण प्लॅकोडचा.

पेशीपुराण

@दवबिंदू, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. तो वार्डनबर्ग सिंड्रोम. डच नेत्रतज्ज्ञ वार्डनबर्ग यांनी १९५१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं.

आंतरकर्णाचं घर प्लॅकोडचं खरं, पण त्यात क्रेस्टचे भाडेकरू राहायला येतात. गोगलगायीच्या आकाराच्या कॉक्लियाच्या भिंतीत स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस हा थर असतो. त्यातल्या मधल्या पेशी म्हणजे रंगपेशीच, म्हणजे क्रेस्टच्या. तिथे त्यांचं काम रंग देण्याचं नसून कानातल्या द्रवाचा विद्युतभार टिकवण्याचं असतं. हा भार असला तरच केसपेशी आवाजाचं रूपांतर संदेशात करू शकतात. पॅक्स३, एमआयटीएफ, सॉक्स१० अशा जनुकांत दोष असला की रंगपेशी पोचत नाहीत किंवा तगत नाहीत. केसात नाहीत म्हणून पांढरी बट, बुबुळात नाहीत म्हणून निळे डोळे, कानात नाहीत म्हणून बहिरेपण. सॉक्स१०च्या दोषात तर कधी कधी याच्या जोडीला हर्शस्प्रुंगही असतो. कात्री_आणि_टाका यांनी अशी बाळं पाहिली असतील.

याउलट सिक्स१ किंवा आया१ बिघडलं की ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम होतो. बहिरेपण, मानेत छोटी छिद्रं, मूत्रपिंडाचे दोष. ऐकू न येणं दोन्हींत, पण एकात घरच नीट बांधलेलं नाही, दुसऱ्यात भाडेकरू आलेले नाहीत.

फक्त पांढरी बट आहे आणि ऐकू नीट येतं, अशीही एक स्थिती असते, पायबाल्डिझम. त्यात बहुतेकदा किट या जनुकातला दोष सापडतो. त्यामुळे बट दिसली की घाबरून जाऊ नये, पण बाळाची श्रवणचाचणी मात्र करून घ्यावी.

कात्री_आणि_टाका

हो, पाहिली आहेत. अशा बाळाच्या घरच्यांची चौकशी करताना मी आधी कपाळाकडेच बघतो.

शंकासूर

आणखी एक. चोचीचा किंवा जबड्याचा आकार कुणाच्या डोक्यात असतो? क्रेस्टच्या, की ती जिथे पोचते तिथल्या पेशींच्या?

लावा_तित्तर

हा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून मध्येच घुसतो.

सुरुवात निकोल ल दुआरँ यांच्यापासून करावी लागेल. लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रद्रव्याचा एक ठळक गोळा असतो, कोंबडीत नसतो, हे त्यांनी १९६९ मध्ये मांडलं. फॉयल्गेन हा डीएनए रंगवणारा रंग दिला की लावाची पेशी कोंबडीच्या गर्दीतही ओळखू येते. मग काय, लावाचं क्रेस्ट कोंबडीच्या भ्रूणात लावायचं आणि कुठल्या पेशी कुठे गेल्या ते बघत बसायचं. पेशीपुराण यांनी वर दिलेल्या याद्यांचा मोठा भाग या एका युक्तीतून आलाय.

ल दुआरँ आणि तेये यांनी १९७४ मध्ये अदलाबदल केली. अधिवृक्क ग्रंथीकडे जाणारं क्रेस्ट उचलून मानेपाशी लावलं. ते मुकाट आतड्यात गेलं आणि तिथल्या चेतापेशी झालं. म्हणजे जागा ठरवते.

मग १९८३ मध्ये ड्र्यू नोडेन यांनी पहिल्या कमानीचं क्रेस्ट दुसऱ्या कमानीच्या जागी लावलं. भ्रूणाला तिथे जबड्याचे जादा सांगाडे आले. म्हणजे क्रेस्ट ठरवतं! वीसेक वर्षं हाच निकाल चालला. २००२ मध्ये ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नोडेन यांच्या कलमाबरोबर एफजीएफ८ सोडणारा मेंदूचा एक तुकडाही गेला असणार, आणि तोच शेजारच्या होक्सए२ जनुकाला (भ्रूणाच्या कुठल्या भागाने काय व्हायचं ते ठरवणाऱ्या होक्स कुळातलं) बंद पाडतो. होक्सए२ बंद म्हणजे दुसरी कमान स्वतःला पहिली समजते. उंदरांत होक्सए२ काढून टाकल्यावर १९९३ मध्ये हेच दिसलं होतं, कानाची हाडं दोनदोनदा. त्याच वर्षी, २००२ मध्ये, घशाच्या अंतःस्तराचे तुकडे फिरवले की जबड्याच्या कूर्चेची दिशाही फिरते हे फ्रान्समधल्या गटाने दाखवलं.

आणि २००३! श्नायडर आणि हेल्म्स यांनी लावाचं क्रेस्ट बदकात घातलं, बदकाचं लावात. लावाची छोटी टोकदार चोच बदकाच्या तोंडावर, बदकाची चपटी चोच लावाच्या. इतकंच नव्हे, चोचीवरचं बाह्यस्तराचं आवरण यजमानाचं असूनही पाहुण्या क्रेस्टच्या वेळापत्रकाने वाढलं. लावा १७ दिवसांत अंड्यातून बाहेर येतो, बदकाला २८ लागतात, त्यामुळे कुणाचं घड्याळ चालतंय ते लगेच कळलं.

माझं मत असं. इथे हाड हवं, या दिशेने हवं, हे आजूबाजूचे सांगतात. ते आपल्या जातीच्या आकारात आणि आपल्या वेगाने करणं क्रेस्टच्या हातात.

पेशीपुराण

लावा_तित्तर, फर्मास! त्याच वर्षीचं आणखी एक जोडतो. उंदराचं क्रेस्ट कोंबडीत घातल्यावर कोंबडीच्या तोंडात दाताचे अंकुर फुटले. पक्ष्यांचे दात जाऊन कोट्यवधी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडाच्या आवरणाला दात सुरू करण्याची भाषा अजून येते.

नवी_पालवी

आम्ही बाळाचा विचार करतोय. हे सगळं वाचून धास्तावले आहे. चौथ्या आठवड्यात तर गरोदर असल्याचं कळतही नाही!

कात्री_आणि_टाका

धास्तावू नका. बहुतांश बाळांत हे सगळं सुरळीत होतं. काळजी घ्यायची ती आधीपासून, बस. फोलिक आम्ल रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून. ते मुख्यतः नळी नीट मिटावी यासाठी. मद्य पूर्ण बंद. गर्भातल्या क्रेस्ट पेशी अल्कोहोलने मरतात, आणि मद्यामुळे बाळात येणाऱ्या दोषातला चपटा, पन्हळ नसलेला वरचा ओठ त्याचीच खूण आहे. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध होक्स जनुकांचा पट्टा बिघडवतं, त्यातून कान, जबडा आणि हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिन्यांचे दोष येतात. हृदयाचं नाव ऐकून चकित होऊ नका, महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्यामधला पडदा क्रेस्ट पेशींमुळेच बनतो. मात्र फिटचं किंवा दुसरं कुठलंही नेहमीचं औषध स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा.

नवी_पालवी

आभार. गोळ्या नाहीत, फोलिक आजच सुरू करते.

मधली_ओळ

उत्क्रांतीचा मुद्दा राहिला. गान्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये 'नवं डोकं' ही कल्पना मांडली. पाणी गाळून पोट भरणाऱ्या पूर्वजांतून शिकार शोधणारे पृष्ठवंशीय झाले ते क्रेस्ट आणि प्लॅकोड मिळाल्यामुळे. पेशीपुराण, खूश व्हा, त्यांनी प्लॅकोडांना बरोबरीचं स्थान दिलं होतं! अँफिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या, कणा नसलेल्या आपल्या दूरच्या नातेवाइकात यांपैकी काही नाही. पण सायोना या समुद्री पिचकारीच्या डिंभात रंगपेशी देणारी एक पेशीओळ आहे. २०१२ मध्ये तिच्यात ट्विस्ट हे जनुक मुद्दाम चालू केल्यावर त्या पेशी चालायला लागल्या. म्हणजे कच्चा माल आधीपासून होता.

त्यावरून एक आठवलं. पाळीव प्राण्यांत लोंबते कान, पांढरे ठिपके, आखूड तोंड आणि शांत स्वभाव एकत्र दिसतात, त्याचं कारण क्रेस्टची किंचित कमतरता, हेही २०१४ पासून ऐकतोय. कसं वाटतं?

लावा_तित्तर

सुंदर कल्पना, पण माझा पूर्ण विश्वास नाही. ठिपके रंगपेशींचे, शांतपणा अधिवृक्क ग्रंथीचा, तोंड आणि कानाची कूर्चाही क्रेस्टची, सगळं एका धाग्यात ओवता येतं हे खरं. अडचण अशी की ही लक्षणं सगळ्या पाळीव जातींत एकत्र येतच नाहीत. बरीचशी अलीकडच्या पैदाशीत माणसाने वेगवेगळी निवडली आहेत. क्रेस्ट इतक्या गोष्टी बनवतं की कुठल्याही दोन लक्षणांचा संबंध त्याच्याशी लावता येतो, हाच त्यातला धोका.

शंकासूर

शेवटचं विचारतो, मग झोपतो. वयात येण्याचा आणि वास न येण्याचा संबंध असतो म्हणे?

पेशीपुराण

असतो, कॅलमन सिंड्रोम. वयात येण्याची प्रक्रिया सुरू करणारं जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या नाकाच्या प्लॅकोडाच्या परिसरात तयार होतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या आधाराने मेंदूत, हायपोथॅलॅमसपर्यंत चालत जातात. उंदरात हा प्रवास १९८९ मध्ये दिसला. एक्स गुणसूत्रावरचं एएनओएस१ हे जनुक बिघडलं की वासाचे तंतू मेंदूपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांचा हात धरून निघालेल्या या पेशीही वाटेतच राहतात. मग वास नाही आणि संप्रेरकाच्या उपचाराविना वयात येणंही नाही. प्लॅकोडांचा आवाका बघा, पुढची पिढी होणं न होणं त्यांच्यावर येऊन ठेपतं.

लावा_तित्तर

नाक तेवढं पूर्णपणे प्लॅकोडच्या नावावर लावू नका हं. वासाच्या तंतूंना वेढून असणाऱ्या ज्या खास ग्लिया पेशी आहेत, त्याही अनेक वर्षं प्लॅकोडच्या मानल्या जायच्या. २०१० मध्ये कोंबडी आणि उंदीर दोन्हींत दिसलं की त्या क्रेस्टच्या आहेत. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात आणि त्यांचे तंतू या पेशींच्या सोबतीने मेंदूत शिरतात. म्हणून तर मज्जारज्जूच्या दुखापतीत याच पेशी वापरून बघण्याचे प्रयत्न चालू आहेत.

पेशीपुराण

घ्या, ग्लिया तेवढी तुमची. वर लिहिलंच होतं, ग्लिया सगळीकडे क्रेस्टची. वास घेणाऱ्या चेतापेशी मात्र आमच्याकडेच राहतील.